अपशकुन कसला त्यात?

महाद्वार रोडवर उघड्या अंगाने उभं असल्याचं स्वप्न पडलेल्या कुणाला तरी ‘हा अपशकुन आहे, आता पंचकर्म (आयुर्वेदातले शरीरशुद्धीचे उपचार) पुढे ढकला’ असा सल्ला दिलाय, तो पटला नाही. पंचकर्मात परक्या माणसासमोर कपडे उतरवून अभ्यंगाला, म्हणजे तेलाच्या मालिशीला, झोपायचं असतं. मन त्याचीच रंगीत तालीम करतंय. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या ‘इंद्रियस्थान’ या भागात स्वप्नांचे ७ प्रकार दिलेत. त्यातली पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं ही ५ निष्फळ मानलीत. शकुनवाल्यांनी तेवढं तरी वाचावं!

अर्थ लावायचाच तर जाग येताच, मोबाईलला हात लावण्याआधी, पहिल्यांदा भावना लिहा, मग प्रसंग. उलट केलं की गोष्ट रचली जाते आणि भावना निसटते. लाज वाटली असेल तर वैद्यांना आधीच विचारा: अभ्यंग कोण करणार, अंगावर काय ठेवता येईल?