मदत हवी आहे : ड्यूक ऑफ मार्लबरो पदवीचा वारसाक्रम

मार्लबरो घराण्याची वंशावळ काढतोय, एका जागी अडकलोय. पहिला ड्यूक जॉन चर्चिल 1722 मध्ये गेला, मुलगा आधीच वारलेला, म्हणून 1706 च्या खास कायद्यामुळे पदवी थोरली मुलगी हेन्रिएटाकडे गेली, इथपर्यंत क्लिअर आहे. तिचा मुलगा 1731 मध्ये तिच्या आधी गेला, मग 1733 मध्ये ती गेल्यावर पदवी तिची बहीण अ‍ॅन हिच्या मुलाकडे, म्हणजे चार्ल्स स्पेन्सरकडे आली (स्पेन्सर-चर्चिल हे जोड आडनाव 1817 पासूनचं). तेव्हापासून मात्र सगळे ड्यूक पुरुषच.

नेटवरच्या याद्या पाहिल्या, त्यात ड्यूकचे नंबर आणि सालं व्यवस्थित आहेत, पण पुढचा नियम कोणीच सोडवून सांगत नाही, आणि मला तर तोच चार्टवर दाखवायचाय. ब्लेनहाइम पॅलेस, इस्टेट वगैरे नकोय, फक्त पदवी. ब्रिटनमधल्या बाकीच्या ड्यूक पदव्या बहुतेक पुरुष वारस संपला की बंद होतात हे माहितीये, म्हणूनच ही केस एवढी इंटरेस्टिंग वाटते.

तर चार्ल्सच्या शाखेतले पुरुष वारस उद्या संपलेच, तर त्या कायद्यानुसार पदवी आधी त्याचा धाकटा भाऊ जॉन याच्या शाखेतल्या पुरुषांकडे जाईल, की पुन्हा एखाद्या मुलीकडे येऊ शकते?