थेट विन३२ एपीआयवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरे का फुटतात?

प्रश्न

वाचनालयाच्या पुस्तकनोंदीसाठी मी सी भाषेत, कोणतेही फ्रेमवर्क न घेता, थेट विन३२ एपीआय (विंडोजची मूळ फंक्शने) वापरून एक लहान प्रोग्रॅम लिहीत आहे. टायटल बारमध्ये ‘ग्रंथसूची’ऐवजी केवळ प्रश्नचिन्हे दिसतात. शिवाय ओळी दोन्ही कडांना समान बसाव्यात म्हणून मी टेक्स्टआउट (पडद्यावर मजकूर काढणारे फंक्शन) एकेका अक्षरासाठी कॉल करतो, तेव्हा जोडाक्षरे सुटतात आणि वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळासह वेगळ्या उमटतात. नोटपॅडमध्ये त्याच फॉन्टमध्ये तोच मजकूर नीट दिसतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर १

प्रश्नचिन्हांचे कारण असे, की मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनची ‘ए’ आणि ‘डब्ल्यू’ अशी दोन रूपे असतात. ‘ए’ रूप सिस्टिमच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यावर) चालते आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असे कोडपेज कधीच नव्हते. त्यामुळे मजकुराचे त्यात रूपांतर होताना अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि मूळ अक्षर तेथेच नष्ट होते. ‘डब्ल्यू’ रूपे वापरली जावीत म्हणून युनिकोड मॅक्रो डिफाइन करा, स्ट्रिंगपुढे एल लावा आणि सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवून कंपायलरलाही तसे सांगा. डेफविंडोप्रॉक (खिडकीचे नेहमीचे संदेश हाताळणारे फंक्शन) हेसुद्धा ‘डब्ल्यू’ रूपाचेच हवे.

उत्तर २

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती केवळ सेटिंग बदलून सुटणारी नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द वाचताना आपल्याला दोन अक्षरे दिसतात, पण मेमरीत तेथे १६ बिटांची ७ एकके असतात. ‘स्थिती’मधील ऱ्हस्व वेलांटी मेमरीत ‘थ’नंतर येते, मात्र पडद्यावर ती ‘स्थ’च्या आधी काढावी लागते. ही जुळणी विंडोज २००० पासून युनिस्क्राइब ही विंडोजमधील यंत्रणा करते आणि टेक्स्टआउट तिचा उपयोग आपोआप करून घेते. परंतु आपण एकेक एकक सुटे पाठवले, तर शेजारी काय आहे हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून पूर्ण शब्द एका कॉलमध्ये काढा, गेटटेक्स्टएक्स्टेंटपॉइंट३२ने शब्दाशब्दाची रुंदी मोजा आणि उरलेली जागा शब्दांमधील अंतरांत वाटून द्या.

प्रश्नकर्ता

दोन्ही उपाय लागू पडले, आभारी आहे. आता मी स्वतः लिहिलेल्या मजकूरपेटीत बाणाची कळ दाबल्यावर कर्सर जोडाक्षराच्या मध्येच थांबतो.

उत्तर २

तेथेही एककांवरून पुढे सरकू नका. स्क्रिप्टब्रेक हे फंक्शन कर्सर कोठे थांबू शकतो ते सांगते. मात्र विशेष गरज नसेल, तर विंडोजचा तयार एडिट कंट्रोल वापरावा, हे काम तो आधीच करतो.