अष्टपैलू, हरहुन्नरी की चतुरस्र?

पानगळ: अठराव्या शतकातला जर्मन बासरीवादक योहान योआखिम क्वांट्झ, त्याच्यावरचा एक जर्मन लेख मराठीत करतेय. 'फिल्झाइटिग' (अनेक गोष्टी येणारा) या शब्दाशी अडलेय. लोहाराचा हा मुलगा १७०८ पासून मेर्झेबुर्गला गावच्या वाजंत्र्यांकडे उमेदवारी करत होता. व्हायोलिन, ओबो, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, चेलो, सगळं शिकला. मी 'अष्टपैलू' लिहिलं, तर मैत्रीण म्हणते हा क्रिकेटचा शब्द.

जुनं दफ्तर: 'चतुरस्र' लिहा. 'चतुरस्त्र' नको, त्यात अस्त्र नाही. अस्र म्हणजे कोपरा. 'पैलू' हा फारसी 'पहलू'. त्याला संस्कृत 'अष्ट' जोडलेला मला खटकतो.

षड्ज: हिऱ्याला पैलू पाडतात हे कुणाला समजावावं लागत नाही. जर्मन शब्दही 'अनेक बाजूंचा' असाच बनलाय. चतुरस्र म्हटलं की मला तालाची जातच आठवते.

कोकम: मी हरहुन्नरीच्या बाजूने. आमचे आजोबा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, ढोलकीवाला आला नाही तर ढोलकीही, आणि गावभरच्या पेट्या दुरुस्त करायचे. लोक त्यांना हरहुन्नरीच म्हणत. क्वांट्झने १७२६ मध्ये बासरीला दुसरी चावी बसवली, पुढे बासऱ्याही बनवल्या. हा हुन्नरच ना?

षड्ज: पण तो अष्टपैलू राहिला कुठे? १७१८ ला ऑगस्ट राजाच्या पोलिश वाद्यवृंदात ओबोवादक म्हणून लागला, मग बासरी धरली आणि बाकीची वाद्यं मागे पडली. पुढे बासरीचेच तीनशेच्या आसपास कन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) लिहिले.

पानगळ: लेखात तो शब्द उमेदवारीच्या वर्षांसाठीच आलाय. गावच्या वाजंत्र्याला सगळी वाद्यं यावीच लागत, म्हणून कौतुकाचा शब्द नकोसा वाटतो. आणि पुढे तो प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे गेला, तिथे 'नोकरीत' लिहू की 'पदरी'?

कोकम: पदरी! अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरीच होते.

जुनं दफ्तर: पदरी म्हणजे आश्रित. क्वांट्झ १७४१ ला बर्लिनला गेला तो अटी घालून: सालाना २००० थालर (तिथलं चांदीचं नाणं) तहहयात, रचनांचे वेगळे, प्रत्येक बासरीचे १०० डुकाट (सोन्याचं नाणं) आणि हुकूम फक्त राजाचा. त्याच दरबारात संगीतकार सी. पी. ई. बाखला सुरुवातीला ३०० थालर मिळत. असा माणूस कुणाच्या पदरी कसा?

षड्ज: 'तहहयात'सुद्धा बाहेरूनच आलाय, आणि इथे किती चपखल बसला! मग पैलूनेच काय केलं?

जुनं दफ्तर: तहहयात कागदपत्रांत मुरलेला शब्द आहे. पैलू संस्कृत शब्दाला चिकटवलाय, माझा आक्षेप त्या जोडणीला आहे.

कोकम: कागदपत्रांवरून आठवलं, बडोद्यात दरबारी गवयांचं खातं 'कलावंत कारखाना' म्हणून होतं. कारखान्याचा हा जुना अर्थ अजून कुणाच्या घरी बोलण्यात आहे का? आमच्याकडे आजी मुदपाकखान्यालाही कारखानाच म्हणायची.