४० टक्के पुरे केले नाहीत तर दंड? नाही हो

इथल्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की बँकांनी एकूण कर्जापैकी ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग, दुर्बल घटक अशांना द्यायचं हे उद्दिष्ट चुकलं की रिझर्व्ह बँक दंड ठोकते, म्हणून बँका गरिबाला कर्ज देतात. उद्दिष्ट आहे, त्यात दुर्बल घटकांसाठी १२ टक्केही आहेत. पण सरळ दंड असा नसतो. जेवढी तूट, तेवढी रक्कम नाबार्ड या शेती-ग्रामीण विकास बँकेच्या आरआयडीएफ (ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी) सारख्या निधीत कमी व्याजावर ठेवावी लागते. हा निधी १९९५-९६ पासून आहे, त्यातून राज्य सरकारं रस्ते, पूल, पाटबंधारे करतात. म्हणजे बचत गटातल्या बाईला न मिळालेलं कर्ज पुलाच्या कामात जातं. पूलही हवाच, पण तिची शिलाई मशीन राहिली ती राहिलीच.

२०१६ पासून आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. ज्या बँकेनं उद्दिष्टापेक्षा जास्त वाटलं, ती त्या जादा कामगिरीचं प्रमाणपत्र तूट असलेल्या बँकेला प्रीमियम घेऊन विकते. कर्ज आणि त्याची जोखीम विकणाऱ्याकडेच राहते, ३१ मार्चला प्रमाणपत्राची मुदत संपते. मला हे अगदीच वाईट वाटत नाही, कारण खेड्यात खरोखर काम करणाऱ्या बँकेला त्यातून चार पैसे सुटतात.

आकड्यांचं म्हणाल तर आमच्या तालुक्यातल्या एका शाखेत सोनं तारण ठेवायला गेलं की आधी सातबारा मागतात. असला की तेच कर्ज शेतीकर्ज म्हणून अग्रक्रमाच्या आकड्यात बसतं, मग पैसे मुलीच्या लग्नाला जावोत नाहीतर दवाखान्याला.