आदिवासी डॉक्टरला इमर्जन्सी मेडिसिनसाठी शिष्यवृत्ती: कोणाला माहिती आहे का?

सुरगाण्याची ताई
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. आम्ही कोकणा समाजातले. भाऊ सरकारी कॉलेजातून एसटीच्या जागेवर एमबीबीएस झाला, आता ग्रामीण रुग्णालयात बॉन्डची (सक्तीची सरकारी) सेवा करतोय. एमडीच्या प्रवेशासाठी नीट पीजी परीक्षा देणार आहे आणि इमर्जन्सी मेडिसिनच घ्यायचं म्हणतोय. साप चावलेले, विष प्यायलेले, बाइकवरून पडलेले, सगळे तिथे रात्रीच येतात आणि बहुतेकांना नाशिकला पाठवावं लागतं. ते त्याच्या मनाला फार लागतं.

या शाखेसाठी आदिवासी डॉक्टरांना खास शिष्यवृत्ती असते का? दुसरं म्हणजे, एका खाजगी हॉस्पिटलने तीन वर्षांचा 'मास्टर्स' कोर्स सुचवलाय. सर्टिफिकेट परदेशी विद्यापीठाचं, फी भरमसाट. "शिष्यवृत्ती बसेल" असं तिथला माणूस फोनवर म्हणाला. वडील शेती करतात, त्यामुळे पैशांचं आधी बघावं लागतं.

कॅज्युअल्टीवाला
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो: नाही बसत. तो एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) कोर्स दिसतोय. काही ठिकाणी शिकवतात चांगलं, हात बसतो, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता नाही. उद्या सरकारी नोकरीत किंवा मेडिकल कॉलेजात त्याला स्पेशालिस्ट म्हणून कोणी धरणार नाही. २००९ मध्ये एमसीआयने (आयोगाच्या आधीची मेडिकल कौन्सिल) या शाखेला मान्यता दिली, पण एमडीच्या जागा मुंगीच्या पावलांनी वाढल्या. त्या पोकळीत हे कोर्स फोफावले. फोनवाल्याला म्हणावं, शिष्यवृत्तीचं लेखी द्या. परत फोन येणार नाही.

आता पहिलं. शाखा बघून आपल्याकडे कोणी पैसे देत नाही. जमात, उत्पन्न आणि जागा कुठली मिळाली, एवढंच बघतात. म्हणून सगळं लक्ष जागेवर ठेवा. राज्याच्या कोट्यात एसटीला ७ टक्के, ऑल इंडिया कोट्यात ७.५ टक्के. एम्स आणि जिपमर (पुद्दुचेरीचं केंद्र सरकारी मेडिकल कॉलेज) यांच्यासाठी आयएनआय सीईटी ही वेगळी परीक्षा आहे, ती चुकवू नका. दिल्ली एम्स आणि जिपमर, दोन्हीकडे इमर्जन्सीचं एमडी आहे, फी नाममात्र आणि वर स्टायपेंड. असली जागा मिळाली तर शिष्यवृत्तीचा प्रश्नच उरत नाही.

फॉर्म भरून दमलेली
राज्याच्या कोट्यातून लागला तर महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, वर असेल तर आदिवासी विकास विभागाची शिक्षण शुल्क-परीक्षा शुल्काची योजना. निर्वाह भत्त्यावर गणित मांडू नका, खरा फायदा फीचाच.

कागद आत्ताच बघून ठेवा. एमबीबीएसला एसटीच्या जागेवर होता म्हणजे व्हॅलिडिटी (जात पडताळणी) झालेली असणार, पण मूळ प्रत कुठे आहे? बऱ्याचदा ती कॉलेजच्या कपाटात असते आणि ऐन प्रवेशाच्या राउंडला क्लार्क रजेवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा. बॉन्डमुळे गॅप पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आधार बँकेला जोडलेलं नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे हलत नाहीत. अर्ज भरला की कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का ते दर आठवड्याला बघायचं, बहुतेक अर्ज तिथेच कुजतात. आमचा एकदा 'कागद अस्पष्ट' म्हणून परत आला होता, कागद चकचकीत होता. अडलं तर कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात समक्ष जा, फोनवर काही होत नाही.

गीलाँगकर
इकडे ऑस्ट्रेलियात कॅज्युअल्टीत नोकरी करतो, म्हणून वेगळं सांगतो. तुम्ही म्हणताय तशी शिष्यवृत्ती इथे खरोखर आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, दोन्ही देशांत ही शाखा शिकवणारं कॉलेज (म्हणजे या शाखेतल्या तज्ज्ञांची संस्था) एकच, मुख्यालय मेलबर्नला. त्यांची जोसेफ एपस्टाइन यांच्या नावाची शिष्यवृत्ती मूलनिवासी प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठीच आहे. प्रशिक्षण किमान पाच वर्षांचं आणि कॉलेजच्या परीक्षांची फी ऐकून घाम फुटतो, त्यामुळे हा आधार मोठा. माओरी रुग्णांसाठी २०१९ मध्ये 'मानाकी माना' नावाचं धोरणही आणलं. कारण उघड आहे. अॅबोरिजिनल रुग्ण कॅज्युअल्टीत जास्त येतात आणि उपचार पुरे व्हायच्या आत उठून जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. समोर आपल्यातला डॉक्टर असला की फरक पडतो.

तुमच्या भावाला मात्र हिचा उपयोग नाही. ती इथल्याच मूलनिवासींसाठी आहे आणि ते योग्यच आहे.

सुरगाण्याची ताई
खूप आभार सगळ्यांचे. 'उठून जाणं' वाचून भाऊ म्हणाला, आमच्याकडे पण हेच, रात्री भगताकडे नेतात. केंद्राची परदेशी शिक्षणाची एसटी योजना असते ना, तिचं काय?

कॅज्युअल्टीवाला
तिचं नाव नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. अख्ख्या देशात वर्षाला २० जणांना, उत्पन्न सहा लाखांच्या आत. पण ती मास्टर्स, पीएचडी आणि त्यापुढच्या संशोधनासाठी. परदेशात रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत स्पेशालिस्टचं शिक्षण) म्हणजे नोकरीच, ती यात बसत नाही. एमडी झाल्यावर त्याला सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करावंसं वाटलं तर बघा. आत्ता नीटचा अभ्यास आणि व्हॅलिडिटीची मूळ प्रत, एवढंच.

फॉर्म भरून दमलेली
आणि त्या प्रतीच्या चार झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा.