शब्दचर्चा : 'सहयोग', 'सहकार्य' की 'संयुक्त'?

काल पोस्टरचं प्रूफ आलं आणि मी अडकले. आमची परळची हौशी नाट्यसंस्था, कांदिवलीची एक गुजराती संस्था आणि दहिसरचा कर्णबधिर कलाकारांचा गट, अशा तिघांनी मिळून नाटक बसवलंय. सहा महिने तालमी झाल्या, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्या चाळीच्या गच्चीवर. प्रूफमध्ये मात्र वर आमचंच नाव ठळक, आणि तळाला 'सहयोग' म्हणून बाकीचे दोघे, तेही लाइट आणि साउंडवाल्यांच्या ओळीत. दहिसरच्या एका मुलीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना. कोशात तर 'सहयोग' म्हणजे एकत्र येऊन काम करणं. मग इथे तो बोचतो का? दुसरा कोणता शब्द घ्यावा?

शिवाय संस्थेच्या पत्रात 'वैविध्यतेचे दर्शन' असं लिहिलंय. तेही बघा.

प्रतिसाद १

ताई, बोचणारच. कोशातला अर्थ बरोबर आहे, पण आपल्या पोस्टरांवर आणि स्मरणिकांत 'सहयोग'ची जागा ठरून गेलीय. निर्मिती एकाची, सहयोग दुसऱ्याचा, म्हणजे हातभार. 'सहकार्य' घेऊ नका, ते आणखी एकतर्फी. तिसऱ्या घंटेआधी 'मोबाइल बंद ठेवून सहकार्य करावे' ऐकतो ना आपण? काम एकाचं, सहकार्य दुसऱ्याकडून मागायचं. 'सहकार' म्हटलं तर आपल्याकडे बँक, साखर कारखाना आणि हाउसिंग सोसायटीच डोळ्यांसमोर येते.

पत्राचं म्हणाल तर 'वैविध्य' किंवा 'विविधता'. 'वैविध्य' हेच भाववाचक नाम, त्याला पुन्हा 'ता' कशाला? 'सौजन्यता' चुकते तसंच हे.

प्रतिसाद २

'संयुक्त' घ्या. या शब्दाला नाटकवाल्यांच्या घरातलाच इतिहास आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एरवी एकमेकींशी चुरस असलेल्या दोन कंपन्या, त्या रात्री एकाच रंगमंचावर. गंधर्वचे बालगंधर्व नायिका भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. (त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. ही जोडी आठवली की दरवेळी चुटपुट लागते.) मराठी माणसाच्या तोंडी त्या प्रयोगाचं नाव राहिलं ते 'संयुक्त मानापमान'. कोण यजमान आणि कोण मदतीला आलेलं, हे त्या नावातून कळतच नाही. तुम्हाला हवंय ते हेच. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तर मुंबईत हा शब्द घराघरात नेला.

फक्त 'संयुक्त विद्यमाने' टाळा. जुन्या कागदपत्रांत 'विद्यमाने' म्हणजे मार्फत, द्वारे. निमंत्रणपत्रिकेवर शोभतं, पण घाम गाळणाऱ्यांचा वास त्याला नाही.

प्रतिसाद ३

'संयुक्त' पटलं. मला 'दर्शन' जास्त खटकतंय. दर्शन देवाचं घेतात, किंवा झाँकीचं. दहिसरच्या मुलांना 'विविधतेचे दर्शन' म्हटलं की ती पाहायची वस्तू झाली आणि आपण पाहणारे. 'विविधता' शब्द वाईट नाही, पण त्यात माणसं दिसत नाहीत. गिरणगावात १९४४ साली शाहिरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि त्यांच्या जोडीला गवाणकर. जात, धर्म, मुलूख निरनिराळे, पण नाव 'पथक'. कशासाठी एकत्र आलो ते नावातच आहे, आणि वेगळेपण त्यांच्या आवाजात ऐकू यायचं. तुमच्या नाटकात कोणकोणत्या भाषा आहेत तेवढं सरळ लिहा ना.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गच्चीवर तिन्ही गट बसलो आणि मजकूर बदलला :

'तीन संस्थांचा संयुक्त प्रयोग. मराठी, गुजराती आणि खुणांच्या भाषेत.'

तिन्ही नावं एकाच टायपात, अकारविल्हे. लाइट-साउंडवाल्यांसाठी 'सहयोग' ठेवणार होतो, पण त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आम्ही पैसे घेऊन काम करतो, 'प्रकाशयोजना' आणि 'ध्वनी' लिहा, नाव लिहा." तेही बदललं. पत्रातलं 'वैविध्यतेचे दर्शन' सबंध वाक्यासकट काढलं.

'खुणांची भाषा' की 'सांकेतिक भाषा', यावर मात्र दहिसरच्या मुलांचं आपसात अजून ठरत नाहीये. सरकारी कागदांत 'सांकेतिक' असतं, घरी 'खुणांची'. त्यांचं ठरेपर्यंत छापखान्याला थांबायला सांगितलंय.