मदत हवी आहे: आत्याची कुत्री खारी आमच्या घरी आली आहे, तिची ओळख कशी करून घ्यावी?

काल दसरा झाला. खारीला आमच्याकडे येऊन पंचवीस दिवस झाले आणि घरात रोज तिच्यावरून वाद होतोय, म्हणून इथे विचारते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

खारी माझ्या आत्याची. आत्या वाईला एकटी राहायची, मागे परसदार असलेलं जुनं बसकं घर. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आतेभाऊ तिला बंगळूरला घेऊन गेला. वहिनीला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे तिकडे कुत्रं नेणं शक्यच नव्हतं. काही दिवस शेजाऱ्यांनी सांभाळलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन गेलो आणि तिला डोंबिवलीला आणलं. इथे चौथा मजला, घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सात वर्षांची लेक.

वजन साडेसात किलो. पाय आखूड, शेपटी पाठीवर वळलेली, डावा कान उभा आणि उजवा मध्येच मोडलेला. रंग अगदी खारी बिस्किटाचा, म्हणून ते नाव. आत्या तिला पॉमेरियन म्हणायची. इथले डॉक्टर म्हणाले, स्पिट्झ आणि गावठी असं मिश्रण आहे, दातांवरून वय चार-पाच वर्षं. रेबीजची लस चुकली होती, ती दिली, बाकीच्याही दिल्या, जंताचं औषध झालं. कानामागे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात मिळून अकरा गोचिड्या निघाल्या. रक्त तपासलं, गोचीडताप नाही.

म्हणजे तब्येतीचं ठीक आहे. पण मला ती कळत नाहीये.

आल्या दिवसापासून ती दिवाणाखाली आहे. आम्ही सगळे झोपलो की बाहेर येऊन जेवते. जाळीच्या दाराची लिफ्ट खडखडली की जमिनीला पोट टेकवून बसते, मग मी तिला कडेवर घेऊन चार मजले उतरते. रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला मात्र न चुकता दिवाणाखालून निघते, स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते आणि ओट्याकडे बघत राहते. दहा-पंधरा मिनिटांनी उठून परत जाते. मी बिस्किट दिलं, दूध दिलं, तोंड लावत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात तिने पोळीचा तुकडा दिवाणाखाली नेला होता. लेक पालथी पडून, हात आत घालून तिला ‘ये ना, ये ना’ करत होती. खारी गुरगुरली. लेकीने हात काढला नाही, तर तिने हवेत दात वाजवले. दात लागला नाही, साधा ओरखडाही नाही. पण लेक घाबरून रडायला लागली आणि मीही घाबरले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मी खारीच्या पाठीवर दोन मारल्या. त्यानंतर ती गुरगुरत नाही. जवळ गेलं की नुसती ताठ होते, डोळे बाजूला फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. सासूबाई म्हणतात, ‘बघ, सुधारली.’ मला तसं वाटत नाही. तिला असं गप्प झालेलं बघून मला जास्त काळजी वाटते.

सासऱ्यांचं म्हणणं, कुत्रं भरवशाचं नाही, घरात लहान मूल आहे, कुणाला तरी देऊन टाका. नवऱ्यालाही तेच वाटायला लागलंय. त्यांची काळजी खोटी नाही. पण आत्या रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न ‘खारी जेवली का?’ हाच विचारते. लेकीला सुरक्षित ठेवून या कुत्रीला घरातली कशी करून घ्यायची, हे अनुभवी लोकांनी सांगावं. आणि मी तिला मारलं, ते भरून निघेल का?

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ असं सांगणं. ते मारून बंद केलं की भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. असं कुत्रं पुढे न गुरगुरता चावू शकतं. हवेत दात वाजवले याचा अर्थ तिने चावायचं टाळलं. कुत्र्याचा नेम एवढा चुकत नाही.

आजपासून दिवाणाखालची जागा तिची. तिथे कुणी हात घालायचा नाही, वाकून बघायचंही नाही, लेकीने तर नाहीच. शक्य असेल तर दिवाणाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि लेकीला सांगा की ही खारीच्या घराची भिंत. मुलांना असं दिसणारं काही असलं की नियम पाळता येतो. मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघींना एकत्र सोडायचं नाही.

खाताना जवळून जावं लागलं तर काही काढून घेऊ नका, उलट लांबूनच तिच्याकडे काहीतरी जास्त चांगलं टाका: पनीरचा तुकडा, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते. टाकून निघून जायचं. ती ताठ झाली तर पुढच्या वेळी आणखी दोन पावलं लांबून. माणूस आलं की ताटलीतलं जात नाही, वाढतं, हे तिला पटायला काही आठवडे लागतील.

आणि झोप आलेली नसताना जांभई, सारखी ओठांवरून जीभ, तोंड फिरवणं, पंजा उचलून धरणं, ही सगळी गुरगुरण्याच्या आधीची भाषा आहे. लेकीला ती शिकवा. लहान मुलांना ही आपोआप कळत नाही, शिकवावीच लागते.

प्रतिसाद २

एक सुचवते. आत्या आहेत ना फोनवर? मग आम्हाला कशाला विचारता, त्यांना विचारा! खारीचा पूर्ण दिवस विचारून घ्या. कुठे जेवायची, कुठे झोपायची, कुठल्या शब्दाने हाक मारायच्या, साडेचारला काय असायचं. मिळालं तर त्यांचं न धुतलेलं जुनं लुगडं किंवा गोधडी मागवा आणि दिवाणाखाली टाका.

प्रतिसाद ३

दात आणि कान पुन्हा एकदा दाखवा. दुखत असलं तरी कुत्री अन्नावर गुरगुरतात. लेकीला किंवा कुणालाही कधी दात लागलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. खारीची लस झालेली असली तरीही.

सासूबाईंना सांगून ठेवा: शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं, कांदा-लसूण, चॉकलेट अजिबात नाही. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि साडेसात किलोच्या जिवाला थोडेसुद्धा बाधू शकतात. आपल्याकडे प्रसाद म्हणून प्रेमाने दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

जातीबद्दल: आपल्याकडे पॉमेरियन म्हणून दिली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झच असतात, त्यामुळे आत्या फार चुकल्या नाहीत. उन्हाळ्यात केस भादरू नका, ब्रशने मोकळे करा. आणि सोसायटीत कुणी लिफ्टवरून बोललं, तर प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव कुत्र्याला लिफ्टमध्ये मनाई करता येत नाही.

धागाकर्ती, आठ दिवसांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याशी तासभर बोलले. आजारपणात तिला असले प्रश्न कसे विचारायचे म्हणून मी थांबले होते, आणि ती मात्र किती दिवसांनी भरभरून बोलली.

खारी कायम परसदारी, भिंतीला पाठ लावून जेवायची. आत्या तिला खारी म्हणून हाक मारतच नव्हती, ‘बाय’ म्हणायची. ‘ये गं बाय.’ पलीकडच्या वाड्यातली मुलं काठीने तिला डिवचायची, म्हणून ती लहान मुलांना बिचकते. आणि साडेचारला आत्याचा चहा व्हायचा. कपातला शेवटचा घोट बशीत ओतून त्यात शिळ्या पोळीचा तुकडा बुडवून खारीला. रोज. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चहा नको. मी कोमट दुधात पाणी घालून, त्यात पोळी बुडवून, आत्याकडे असायची तशा स्टीलच्या बशीत ठेवली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे बशी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं नाही, पण बशी चाटून पुसून स्वच्छ होती.

दात दाखवले. मागच्या एका दाढेभोवती हिरडी सुजली होती, औषध चालू आहे. जेवण आता बाल्कनीत, भिंतीकडेला. चिकटपट्टी लेकीनेच लावली, त्यावर खडूने ‘बायचं घर’ लिहिलंय. ती पट्टीच्या बाहेर मांडी घालून पुस्तक वाचत बसते, खारीकडे बघायचं नाही असा तिचाच नियम. परवा खारी बाहेर आली, लेकीच्या पाठीमागून जाऊन तिची वेणी हुंगली आणि आत गेली. लेक श्वास रोखून बसली होती. सासऱ्यांनी हे स्वतः बघितलं. ‘देऊन टाका’ त्यानंतर म्हणाले नाहीत, अजून ‘राहू दे’ही म्हणालेले नाहीत.

मी गुडघ्यावर बसले की ती अजूनही माझ्या हाताकडे बघते. वर्तमानपत्र घडी करताना तर उठूनच जाते. मी आता पेपर दुसऱ्या खोलीत वाचते.

आता पुढचा प्रश्न. दिवाळी अकरा दिवसांवर आली आहे. आत्या म्हणाली, वाईला ती फटाक्यांच्या रात्री माजघरातल्या कोठीत जाऊन बसायची. आमच्याकडे खिडकी नसलेली जागा म्हणजे फक्त न्हाणीघर, आणि तिथे तिला कोंडल्यासारखं वाटेल अशी भीती वाटते. दिवाणालाच चारही बाजूंनी जाड गोधड्या सोडल्या तर चालेल का? आणि डॉक्टरांकडून भीतीसाठी औषध आधीच आणून ठेवावं का? कुणी दिलं असेल तर सांगा.